त्रेसष्टवर बसलेलं बदक

आमचे साहेब नऊ व्होल्टची बॅटरी जिभेला लावून तिच्यात किती जीव उरलाय ते सांगायचे. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये वायरी, कनेक्टर आणि सर्किटचं सामान विकणारा एक सिंधी दुकानदार होता. त्याच्या काउंटरपाशी उभं राहून साहेबांनी एकदा पाकिटातून बॅटरी काढली, जिभेचं टोक लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "सात पॉइंट आठ." दुकानदाराने मीटर लावला. सात पॉइंट सात. "साईं, आपकी जबान है के मल्टीमीटर?" असं म्हणत त्याने हसत हसत दुसरी बॅटरी काढून दिली. साहेबांचं तोंड मात्र एवढंसं झालं होतं. "एका पॉइंटने चुकलो," बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "सकाळी चहा फार गरम प्यायलो, त्याने झालं."

ही माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी घरी येऊन आईला सांगितलं, "अगं, मालक ठार वेडा आहे." आई भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "वेडाच आहे ना? खडूस नाही ना? मग टिक."

मी टिकले. चांगली नऊ वर्षं.

साहेब अंबरनाथच्या सरकारी फॅक्टरीतून मोजमापाच्या खात्यात अधिकारी म्हणून रिटायर झालेले. फंडाचे पैसे बँकेत ठेवून गप्प बसायचं सोडून त्यांनी इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक गाळा घेतला आणि तिथे लहान लहान मोजयंत्रं बनवायला लागले. टाकीत पाणी किती, भट्टी किती तापली, रंगाच्या कारखान्यात हवा किती दमट, असलं. यंत्र त्यांचं, आणि ते यंत्र जे बोलेल ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर दाखवायचा प्रोग्रॅम माझा. आता यंत्र बोलतं म्हणजे काय, तर तारेतून एकेक आकडा पाठवतं. शून्य ते दोनशे पंचावन्न, बस. त्याच्या पलीकडे त्या बिचाऱ्याला शब्द नाही. तो आकडा उचलायचा आणि माणसाला कळेल असं चित्र करून दाखवायचं, ही माझी भाकरी.

साहेबांचा मुख्य कायदा एकच होता. आधी तुझा आकडा, मग पडद्याचा. गाळ्यातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर कायम एक रुमाल टाकलेला असायचा. आधी तो काकूंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, विणलेला क्रोशाचा होता, पण त्याच्या भोकांतून आकडे दिसतात आणि मी चोरून बघते हे साहेबांच्या लक्षात आलं, मग त्यांनी जुन्या टॉवेलचा तुकडा आणून टाकला. भट्टी किती तापली असेल? हात जवळ ने, अंदाज घे, तोंडाने बोल. बोललीस? आता टॉवेल उचल. न बोलता उचललेला चालायचा नाही. "आधी पडदा बघितलास की तुझं डोकं झोपतं," ते म्हणायचे. "मग पडदा म्हणेल ती पूर्व."

हे फक्त गाळ्यात असतं तर एक वेळ चाललं असतं. पण घरीदारी तेच. डॉक्टरांनी ब्लड प्रेशरचा पट्टा बांधला की हे हात वर करून म्हणायचे, "थांबा, सांगू नका. एकशे अडतीस, शहाऐंशी." डॉक्टर एवढे वैतागायचे की त्यांचंच प्रेशर चढत असावं. बाजारात फ्लॉवरचा गड्डा तळहातावर तोलून भाजीवालीला वजन आधी सांगायचे. काकूंना एकदा सणसणून ताप भरला होता, तर कपाळावर हात ठेवून म्हणाले, "एकशे एक पॉइंट दोन." थर्मामीटर काखेत. काकू तशाही स्थितीत म्हणाल्या, "अहो, आधी गोळी द्या हो, मग परीक्षा घ्या माझी."

माझ्या लग्नात हॉलच्या दारात उभं राहून त्यांनी माझ्या काकाला सांगितलं, "चारशे वीस पानं उठतील." काका आमच्यातला भोचक. त्याने पंगती संपल्यावर केटररला गाठून विचारलं. चारशे अकरा. काका ते सांगायला धावत आला तर साहेब म्हणाले, "नऊ जण यायचेत अजून." आणि काय सांगू, रिसेप्शन आवरत आलं तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसातली माणसं टेम्पो ट्रॅव्हलरमधून उतरली. मी मोजली नाहीत. काकाने मोजली. तो अजून ती गोष्ट सांगतो आणि दर वेळी आकडा जुळवून सांगतो, तेव्हा खरं काय देव जाणे.

रागावले की साहेब माणसाला अहो-जाहो करायचे. "तू" म्हणाले की सगळं ठीक. "तुम्ही बसा" म्हणाले की समजायचं, आज आपली धडगत नाही. नऊ वर्षांत ती वेळ माझ्यावर दोनदा आली. त्यातली एक ही.

ती समजायला आधी घुंडीची पेटी समजली पाहिजे. साहेबांनी एक लाकडी पेटी बनवली होती, तिच्यावर एक घुंडी. घुंडी एक खटका फिरवली की पेटीतून तारेवर एक आकडा जायचा, अगदी यंत्रातून येतो तसा. नवा प्रोग्रॅम तयार झाला की माणसाने पेटीपुढे बसायचं. खट, मोठ्याने म्हणायचं "शून्य", टॉवेल उचलून बघायचं, पडद्यावर शून्य आहे का. खट, "एक". खट, "दोन". असं थेट दोनशे पंचावन्नपर्यंत. मध्ये कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. चहा आला तर निवू द्यायचा. एक जरी आकडा चुकला तर चूक दुरुस्त करायची आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. दीड तास लागायचा. शेवटी एका जाड वहीत लिहायचं, "शून्य ते दोनशे पंचावन्न तपासले", आणि खाली सही.

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हसलेच. म्हटलं, "साहेब, शितावरून भाताची परीक्षा होते की."

"भात एका पातेल्यात शिजतो गं," ते म्हणाले. "हे दोनशे छप्पन्न आकडे दोनशे छप्पन्न पातेल्यांत शिजतात. प्रत्येकाचं झाकण उघडायचं."

मनात म्हटलं, उघडा झाकणं. रिटायर माणसाला वेळ कुठे घालवायचा हा प्रश्नच असतो.

साहेबांचं घर बदलापूरला मांजर्लीत, तळमजल्यावर. बिल्डिंगची मागची भिंत ओलांडली की जमीन उतरत उतरत उल्हास नदीला जाते. त्यांच्या समोरच्या दारात एक आजी राहायची. ही बिल्डिंग उभी आहे ती जमीन तिच्या घरच्यांची, भाताची खाचरं होती तिथे. त्या बदल्यात तिला तळमजल्याचा फ्लॅट मिळालेला. पायांनी अधू झालेली, पलंगावर बसून असायची, पण तोंड आणि कान शाबूत. साहेबांना ती "ओ मोजनारं" अशी हाक मारायची.

मी नोकरीला लागायच्या आधी एकदा मोठा पूर आला होता. पाणी घरात शिरलं तेव्हा कुणाला पत्ताच नाही. चौघांनी आजीला खुर्चीत बसवून कमरेएवढ्या पाण्यातून जिन्याकडे न्यायला घेतलं. दारापासून जिना दहा पावलांवर. त्या दहा पावलांत खुर्ची कलंडली आणि आजी पाण्याखाली गेली. लगेच काढली, काही झालं नाही. पण खुर्चीचा जो पाय निसटला तो साहेबांच्या हातातला होता. हे मला काकूंनी सांगितलं, साहेबांनी कधीच नाही. काकू म्हणाल्या, "पावसाळा आला की झोप उडते यांची. मध्येच उठून आजींच्या दारापर्यंत जाऊन येतात."

म्हणून त्यांनी नदीचं यंत्र बनवलं. मागच्या भिंतीच्या बाहेर, पायथ्यापासून वर किती सेंटीमीटर पाणी आलं ते दर मिनिटाला सांगणारं. सोसायटीच्या पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात कॉम्प्युटर, आणि त्याच्या पडद्यावरही एक टॉवेल. नियम ठरले. शंभरला गाड्या वरच्या रस्त्यावर न्यायच्या. एकशे तीसला भोंगा वाजेल, आजीला वर न्यायचं, खालची वीज बंद करायची. एकशे पन्नासला पाणी उंबऱ्याशी. एकशे तीस ते एकशे पन्नास एवढाच वेळ हातात, आणि तेवढा कोरड्या जमिनीवरून खुर्ची न्यायला पुरे होता.

प्रोग्रॅम मी केला, आणि जीव ओतून केला. पडद्यावर काचेची टाकी काढली, निळं पाणी, वर हलत्या लाटा आणि लाटांवर एक पिवळं बदक. पाणी चढलं की बदक वर, उतरलं की खाली.

"लाटा कशाला?" साहेब म्हणाले. "आणि हे काय, बदक?"

"साहेब, लोकांना आकडा कळत नाही. बदक कळतं."

आणि सोसायटीत बदक असं काही गाजलं की विचारू नका. बायका जिन्यात भेटल्या की "आज बदक कुठेय?" पोरं शाळेतून आली की आधी बदक बघायला ऑफिसात. मी तिथे गेले की चहा, बिस्किटं, "बदकवाल्या मॅडम आल्या." मला ते फार आवडायचं, कशाला खोटं बोलू?

आता जे सांगायचं ते सांगून टाकते. हा प्रोग्रॅम घुंडीच्या पेटीवर तपासायला बसले, त्या संध्याकाळी मावशीकडे माझ्या बहिणीचं केळवण होतं. आईचे तीन फोन येऊन गेले होते. एकशे बारापर्यंत मी इमानदारीत म्हटलं. सगळे आकडे चोख, बदक शहाण्यासारखं वर वर येतंय. म्हटलं, इतके बरोबर आले तर पुढचे काय वेगळे येणार आहेत? वहीत लिहिलं, "शून्य ते दोनशे पंचावन्न तपासले". सही केली. केळवणाला श्रीखंड पुरी होती, दोनदा वाढून घेतली.

मग एका पावसाळ्यात, एका रविवारी सकाळपासून नदी चढत होती. दोन दिवस डोंगरावर पाऊस कोसळत होता. मी नऊ वाजता स्कूटीवरून मांजर्लीला पोचले. कुणी बोलावलं नव्हतं. खरं सांगते, माझं बदक चढताना मला बघायचं होतं. एरवी पावसाळ्यात ते पन्नास-साठच्या वर जायचं नाही. त्या दिवशी साडेनवाला नव्वद, दहाला शंभर. मी गॅलरीतून ओरडले आणि खालच्या सगळ्या गाड्या पाच मिनिटांत वरच्या रस्त्यावर गेल्या. मला कलेक्टर झाल्यासारखं वाटत होतं.

साहेबांनी सकाळीच भोंग्याची बॅटरी तपासली होती आणि ती त्यांच्या पसंतीला उतरली नव्हती. दुसरी अंबरनाथच्या गाळ्यात होती. ती आणायला निघताना त्यांनी मला बजावलं, "मागच्या गॅलरीतून भिंतीवरच्या रेघा दिसतात. दर दहा मिनिटांनी आधी रेघ बघ, आकडा बोल, मग टॉवेल उचल." भिंतीवर त्यांनी पांढऱ्या रंगाने रेघा मारून ठेवल्या होत्या. मी दोनदा गेले. गॅलरीत वाकून बघायचं तर पाठ भिजून निथळायची. तिसऱ्यांदा गेले नाही. टॉवेल घडी करून बाजूला ठेवला.

अकराच्या सुमाराला आकडा एकशे वीसच्या पुढे गेला. वरच्या मजल्यांवरचे चार तगडे पुरुष आजीच्या दारात खुर्ची घेऊन तयार उभे. काकूंनी लोणच्याच्या बरण्या पहिल्या मजल्यावर नेऊन ठेवलेल्या. एकशे चोवीस. एकशे सव्वीस. एकशे सत्तावीस. सगळे माझ्याकडे बघतायत, मी पडद्याकडे. आणि पुढच्या मिनिटाला बदक टुणकन खाली आलं. त्रेसष्ट.

"उतरलं!" मी जिन्यातून ओरडले. "त्रेसष्ट! पाणी उतरलं!"

कुणीतरी "गणपती बाप्पा मोरया" म्हटलं. चौघांनी खुर्ची खाली ठेवली. वॉचमनने चहा टाकला. काकूंनी बरण्या एकेक करून खाली आणल्या. मी दर मिनिटाला सांगत होते, "त्रेसष्ट. अजून त्रेसष्ट. स्थिर आहे." पलंगावरून आजी म्हणाली, "पानी उतारला नाय पोरी. उतरत्या पान्याला चिखलाचा वास येतं. कुठं हाय वास?"

"आजी, मशीन आहे ते," मी म्हटलं. "चुकत नाही."

हे वाक्य मला आजही आठवलं की कान गरम होतात.

पावणेबाराला साहेब आले. रिक्षा नाक्यावरच थांबली होती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बॅटरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून डोक्यावर. ऑफिसच्या दारातूनच त्यांनी विचारलं, "किती?"

"त्रेसष्ट!" मी म्हटलं. "उतरलं साहेब, कधीच!"

त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डावा तळहात माझ्यापुढे धरला. त्यावर बॉलपेनने लिहिलं होतं, एकशे एकेचाळीस. शाई पावसाने पसरली होती. "आत्ता भिंतीवर बघून आलोय," ते म्हणाले. "त्रेसष्टच्या आधी काय होतं?"

"एकशे सत्तावीस."

"आणि मध्ये?"

"मध्ये... मध्ये काही नाही. एकदम."

"अगं, नदी पायरी पायरीने उतरते. गच्चीवरून उडी नाही मारत."

आता "तुम्ही" येणार म्हणून मी खांदे आवळून उभी. पण साहेबांनी बॅटरी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "चल, आधी आजींना वर घेऊ. बदकाचं मग बघू."

खाली धावाधाव झाली. वॉचमनने खालची वीज बंद केली. चौघांतल्या एकाला बाजूला सारून साहेबांनी खुर्चीचा पाय धरला, मागचा, उजवीकडचा. सत्तरीचा माणूस, पण कुणाची त्यांना "सोडा" म्हणायची हिंमत झाली नाही. आजी म्हणाली, "ओ मोजनारं, या येली पाडू नका मना."

"नाही आजी," ते म्हणाले. "या वेळी जमीन कोरडी आहे. बघा, फरशी दिसतेय."

मी पुढे चालत दहा पावलं मोजली. मोठ्याने. का मोजली माहीत नाही, तोंडातून आपोआप आकडे येत होते. मग जिना, वळण, पुन्हा जिना, दुसऱ्या मजल्यावरचा पलंग. आजीला टेकवलं. साहेब जिन्याच्या पायरीवर बसले. मघाशी मी घडी करून ठेवलेला पडद्याचा टॉवेल त्यांनी येताना खांद्यावर टाकला होता, तो तोंडावर धरला. मी शेजारी उभी होते. मला रडू येत होतं आणि रडायचा मला हक्क नव्हता.

वीसेक मिनिटांनी तळमजल्याच्या उंबऱ्यावरून पाणी आत आलं. काकू बरण्या घेऊन पुन्हा वर. "मेलं ते बदक!" त्या जिन्यातून म्हणाल्या. "दोनदा नाचवलं मला!"

मग ऑफिसात येऊन साहेबांनी माझा लॅपटॉप मांडीवर घेतला आणि विचारलं, "तारेवरून आलेला आकडा उचलतेस कसा? ती ओळ दाखव." मी दाखवली. त्यांनी वाचली आणि हळूच च्यक् केलं. मी सोपी पद्धत वापरली होती. यंत्राकडून येणारा प्रत्येक आकडा प्रोग्रॅम आधी अक्षर समजून वाचायचा आणि मग त्याचा परत आकडा करायचा. कॉम्प्युटरच्या यादीत प्रत्येक अक्षराला नंबर असतो, आणि त्या वाचणाऱ्याला अक्षरं ठाऊक एकशे सत्तावीस नंबरापर्यंतचीच. त्याच्या पुढचं काही आलं की तो थांबत नाही, ओरडत नाही. आपल्याला न कळलेल्या जागी मुकाट प्रश्नचिन्ह ठेवून देतो. आणि त्या यादीत प्रश्नचिन्हाचा नंबर आहे त्रेसष्ट. एकशे अठ्ठावीस आलं, प्रश्नचिन्ह. एकशे तीस आलं, प्रश्नचिन्ह. त्यामुळे भोंगाही वाजला नाही. नदी चढत होती आणि माझं बदक प्रश्नचिन्हावर आरामात बसलं होतं.

"तो बिचारा म्हणत होता, मला कळत नाही," साहेब म्हणाले. "आणि तू सगळ्यांना सांगत होतीस, उतरलं."

आकडा आकडा म्हणूनच उचलायचा, एवढाच बदल. एक ओळ. ती बदलली, तार जोडली. साहेबांनी पटकन पडद्यावर टॉवेल टाकला. म्हणाले, "एकशे त्रेपन्न." टॉवेल उचलला. एकशे बावन्न. "एका पॉइंटने चुकलो," ते म्हणाले, आणि वर पलंगावरून आजीचा आवाज आला, "सांगत व्हते ना, वास नाय!"

"आजींचा आकडा बरोबर होता," साहेब मला म्हणाले. "त्यांनी पडदा बघितला नव्हता."

दुपारी चार वाजता पाणी एकशे एकाहत्तरवर थांबलं आणि मग खरोखर उतरायला लागलं, एकेक सेंटीमीटर, आणि हो, चिखलाचा वास आला. घरांत वीतभर पाणी होतं. गाद्या भिजल्या, कपाटांचे पाय फुगले. माणूस एकही नाही. सोसायटीत सगळे म्हणत होते, साहेबांच्या मशीनने वाचवलं, बदकाने वाचवलं. कुणी मला एक शब्द बोललं नाही. ते जास्त लागत होतं.

आता साहेब आणि काकू पुण्याला मुलीकडे असतात. गाळा मी चालवते. फोन केला की ते आधी म्हणतात, "थांब, सांगू नकोस. आज सात वायरी जळल्या." सात कधीच नसतात, पण दोन-तीन असतात. आजी पुढेही बरेच पावसाळे पाहून गेली, वरच्या मजल्यावर, भांडून फ्लॅट बदलून घेऊन. यंत्र अजून भिंतीवर आहे. बदकही आहे. काढून टाकू म्हटलं तर सोसायटीने मीटिंग बोलावली असती.

पण मला सांगायचं होतं ते त्या पुरानंतरच्या बुधवारचं. गाळा उघडला होता. साहेब टेबलापाशी होते, समोर जाड वही.

"बसा," ते म्हणाले.

मी बसले. वही त्याच पानावर उघडी होती. माझी सही वरून दिसत होती, झोकदार, केळवणाच्या घाईतली.

"साहेब," मी म्हटलं, "मी एकशे बाराला थांबले होते. पुढचं तपासलंच नाही. खोटी सही केली."

"माहितीय."

"कसं?"

"दीड तास लागतो. तू पाऊण तासात उठलीस. मी घड्याळ बघितलं होतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझा आकडा माझ्या डोक्यात होता, आणि मी तुझा टॉवेल उचलला नाही. म्हटलं, जाऊ दे, पोरीला केळवणाला जायचंय. अर्धी चूक माझी."

मला हमसून रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, आणि मग पेन घेऊन वहीतली ती ओळ खोडली. खाली लिहिलं, "शून्य ते एकशे बारा", आणि वही माझ्याकडे सरकवली. मी सही केली. पुढच्या ओळीत लिहिलं, "एकशे तेरा ते एकशे एकाहत्तर". सहीच्या जागी त्यांनी स्वतः लिहिलं, "नदी".

"एकशे बहात्तरपासून लाग," ते म्हणाले. "तिथपर्यंत तपासून झालंय."

चूक दुरुस्त केली की शून्यापासून, हा त्यांचाच कायदा. आज त्यांनी तो मोडला होता. मला वाटलं, म्हातारा दया दाखवतोय. मी डोळे पुसले, पेटी पुढे ओढली आणि घुंडी फिरवत गेले. "एकशे बहात्तर." टॉवेल. बरोबर. "एकशे त्र्याहत्तर." बरोबर. साहेब प्रत्येक आकड्यावर टिक करत होते. चहा आला आणि निवला. दोनशे झाले. दोनशे वीस झाले. बदक इतक्या वर मी कधीच पाहिलं नव्हतं. मला आता हलकं वाटायला लागलं होतं, आवाजही मोकळा निघत होता.

"दोनशे अडतीस," मी म्हटलं आणि टॉवेल उचलला.

आकडा बरोबर होता. पण बदकाचं डोकं नव्हतं. चित्र टाकीच्या वर जाऊन पडद्याबाहेर कापलं गेलं होतं. पिवळं धड तेवढं लाटांवर हलत होतं.

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी वाकून पडद्याकडे बघितलं, पेन खाली ठेवलं आणि हसायला लागले. नऊ वर्षांत मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. मग त्यांनी चष्मा नीट केला, वहीचं नवं पान उघडलं आणि गंभीर होऊन म्हणाले, "डोकं आत घे त्याचं. आणि मग शून्यापासून."

मी बदकाचं डोकं आत घेतलं, घुंडी उलटी फिरवून आणली आणि मोठ्याने म्हटलं, "शून्य."